नऊ वर्षांच्या मुलाची बीटा-एचसीजी

धुळ्यातल्या आमच्या लॅबमध्ये काउंटरवरची मुलगी चिठ्ठी घेऊन थेट आत आली. "सर, डॉक्टरांचं काहीतरी चुकलंय. ही तर गरोदरपणाची तपासणी, आणि पेशंट नऊ वर्षांचा मुलगा!" बाहेर शिंदखेड्याकडचे एक शेतकरी नोंदणीवाल्या बाईंना बजावत होते, "आंडेर नही ताई, आंडोर से!" म्हणजे मुलगी नाही, मुलगा आहे.

चुकलं काहीच नव्हतं. चिठ्ठीत खाली एएफपीही होती, म्हणजे गर्भात आणि काही गाठींत तयार होणाऱ्या एका प्रथिनाची तपासणी. ही जोडी लहान मुलाच्या नावावर दिसली की मी स्वतः उठून पेशंट बघतो.

ओठावर मिसरूड, आवाज फुटलेला. पोरगं लवकर वयात आलं म्हणून घरी कौतुकच चाललं होतं, मग डोकेदुखी आणि सकाळच्या उलट्या सुरू झाल्या. वर घड्याळाकडे बघ म्हटलं, तर डोळे वर जाईनात. त्याने अख्खी मानच मागे टाकली. एमआरआयमध्ये मेंदूच्या मधोमध, खोलवर असलेल्या पिनिअल ग्रंथीच्या जागी गाठ होती आणि मेंदूतलं पाणी तुंबलं होतं.

मेंदूतल्या जननपेशींच्या काही गाठी एएफपी आणि एचसीजी रक्तात सोडतात. एचसीजी मुलाच्या वृषणांना टेस्टोस्टेरॉन बनवायला लावतं. मिसरूड आली ती तिथून.

मशीनवर एएफपी ३१२ आली. या वयात ती साधारण १० नॅनोग्रॅमच्या आत हवी. एचसीजीही वाढलेलं होतं. ते अफाट असेल तर मशीन फसून उलट कमी आकडा दाखवतं, म्हणून नमुना पातळ करून पुन्हा लावला. फरक पडला नाही. सॉफ्टवेअरने मात्र रिपोर्टखाली इमानेइतबारे गर्भाच्या आठवड्यांचा तक्ता छापला. तो मी आधी काढला, मग सर्जनना फोन केला.

जर्मिनोमा हा या गाठींतला एक प्रकार, पण निव्वळ जर्मिनोमात एएफपी वाढत नाही. म्हणजे ही दुसऱ्या, जास्त दांडग्या जातीची गाठ. एमआरआय आणि असे आकडे जुळले की तुकडा काढून तपासण्याची गरज उरत नाही, आणि त्या खोल जागी, मोठ्या शिरांच्या गराड्यात सुई घालणं कुणालाच नको असतं. आकडे नॉर्मल आले असते तर मात्र तुकडा काढण्यातून सुटका नव्हती: जर्मिनोमा किंवा पक्व टेराटोमा (याच गाठींतला एक सौम्य प्रकार) असूनही रक्त साफ येऊ शकतं.

"डोकानं ऑपरेशन करनं पडी का?" वडिलांनी विचारलं. पाण्याला वाट करण्यापुरतं, दुर्बिणीतून, असं सांगितलं. त्याच वेळी मेंदूतल्या पाण्याचाही नमुना घेतला, कारण कधीकधी रक्तापेक्षा त्यातच हे मार्कर, म्हणजे एएफपी आणि एचसीजी, जास्त सापडतात.

केमो मुंबईला सुरू झाली. गाठ दबली तर एएफपी पाच-सात दिवसांत निम्मी व्हायला हवी, म्हणून ती पुन्हा पुन्हा मोजावी लागते. "तुमच्याकडेच करू ना, जवळ पडतं," वडील म्हणाले. मी नको म्हटलं. दर कंपनीच्या किटचा आकडा थोडा वेगळा येतो, आणि इथे त्या थोड्या फरकावरच सगळं ठरतं. एकाच ठिकाणी, मुंबईलाच करा म्हटलं. आमचे मॅनेजर दिवसभर माझ्याशी जेवढ्यास तेवढंच बोलत होते.