अंगणात लाइट का नाही? तुम्ही विचारलंत म्हणून

पुण्यामुंबईहून जो कोणी येतो तो रात्री अंगणात पाय टाकला की हेच विचारतो, बाहेर लाइट का नाही हो लावला, भीती नाही वाटत? आणि जेवणं झाली की तीच मंडळी सतरंजी टाकून जी आडवी होतात ती बारा वाजले तरी आत यायचं नाव नाही, पण सकाळी निघताना पुन्हा तेच, एक बल्ब तरी लावा, बिबट्याबिबट्याचं काय सांगता येतं! आता एकदा लिहूनच टाकते.

आम्ही अकोले तालुक्यात राहतो, भंडारदऱ्याच्या बाजूला. बिबट्या आहे, नाही कशाला म्हणू. म्हणून कुत्रा आणि शेळ्या रात्री आत, पोरं एकटी बाहेर नाहीत, आणि आपण निघालो की हातात टॉर्च आणि मोठ्याने बोलत नाहीतर मोबाइलवर गाणी लावून. लागेल तेव्हा आणि लागेल तिथे उजेड, एवढंच आमचं म्हणणं आहे, उजेडाशी वैर नाही. रात्रभर जळणाऱ्या फ्लडलाइटने सुरक्षित वाटतं ना, तर शेजारच्या वाडीतल्या हायमास्टखाली, म्हणजे उंच खांबावरच्या मोठ्या दिव्यांखाली, एकदा उभं राहून बघा, चौक लख्ख दिसतो पण त्याच्या पलीकडे दहा पावलांवरचं कुंपण दिसत नाही, डोळे दिपलेले असतात, आणि तुम्ही मात्र त्या कुंपणामागे जो कोणी असेल त्याला छान दिसता!

डोळ्यांचं असं आहे की अंधाराला सरावायला त्यांना वीस मिनिटं ते अर्धा तास लागतो आणि कोणीतरी मोबाइल उघडला की सगळं मुसळ केरात. म्हणून आमच्या टॉर्चला लाल जिलेटिन पेपर रबरबँडने लावलाय, लाल उजेडाने ते कमी बिघडतं. एकदा डोळे सरावले की चंद्र नसला तरी पायवाट कळते, गोठ्याचं दार कळतं, शुक्र जोरात असला तर त्याच्या उजेडात पांढऱ्या भिंतीवर हाताची पुसट सावली पडते, खोटं वाटेल पण पडते.

आता मिळतं काय ते. शहरात मोजून काही डझन तारे, इथे स्वच्छ रात्री एका वेळी दोन-अडीच हजार, हे सगळे सांगतात. मला जास्त आवडतो फेब्रुवारीतला एक प्रकार, सूर्य मावळून दीड तास झाला की पश्चिमेला क्षितिजापासून वर निमुळता होत गेलेला फिकट उजेड दिसतो. पाहुणे ठामपणे सांगतात की हा मुंबईचा. मुंबईचा नाही हो, तो असतो खाली क्षितिजाला चिकटून, नाशिकचा उत्तरेला असतो तसाच! हा ग्रहांच्या मधल्या जागेत पसरलेल्या धुळीवर पडलेला सूर्यप्रकाश आहे, राशिचक्रीय प्रकाश म्हणतात, आणि गावात चार पांढरे दिवे वाढले की पहिला हाच जातो, आकाशगंगा त्यानंतर.

आमच्या शेजारच्या आजी अजून थंडीत तिकांडं कुठवर आलंय ते बघून किती रात्र झाली सांगतात, मृगातले ते तीन तारे. घड्याळ आहे घरात, पण सवय.

हे सगळं रम्य वगैरे लिहिताना एक मात्र सांगितलंच पाहिजे, शेतीच्या मोटारीला लागणारी थ्री फेज वीज रात्रीची असली की इथला शेतकरी दोन वाजता मोटार चालू करून पाणी द्यायला जातो, त्याला साप चावायची भीती असते, त्याच्यासमोर मी अंधाराचं कौतुक करत नाही. त्याला दिवसा वीज हवी, आणि डोक्याला लावायची बॅटरी. चौकातल्या हायमास्टचा त्याच्या वावरात शून्य उपयोग!

आणि रात्रीचा हा नको तिथला उजेड वाढतच चाललाय. 2023 साली सायन्स या नियतकालिकात एक अभ्यास आला होता, जगभरातल्या हौशी लोकांनी 2011 ते 2022 मध्ये आपल्याला किती तारे दिसतात ते नोंदवलं, त्यावरून आकाशाची चकाकी वर्षाला सरासरी 9.6 टक्क्यांनी वाढतेय असं निघालं. उपग्रहांना एवढी वाढ दिसत नव्हती, कारण त्यांना पांढऱ्या एलईडीतला निळा भाग नीट दिसतच नाही, आणि हवेत जास्त विखुरतो तो नेमका निळाच. काजव्यांचंही तेच दुखणं, नराने चमकून विचारायचं आणि मादीने चमकून उत्तर द्यायचं, मध्ये जूनमधल्या शनिवारी काजवे बघायला येणाऱ्या गाड्यांचे हेडलाइट, काय बोलणार ते एकमेकांशी?

उपाय अवघड नाही म्हणून जास्त राग येतो. नागपूरकडचं पेंचचं वाघांचं जंगल 2024 च्या जानेवारीत भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचा अंधार जपणारं उद्यान, झालं, त्यासाठी आसपासच्या गावांतले रस्त्याचे दिवे काढून टाकले नाहीत, खाली तोंड करणारे बसवले. आमच्या कोपऱ्यावरच्या खांबालाही वायरमनदादांनी पत्र्याची टोपी करून दिली, पिवळा बल्ब लावला, रस्ता उलट जास्त दिसायला लागला. सरपंचांना सांगितलंय येऊन बघा, हायमास्टचं पुढच्या ग्रामसभेत निघेल.

तुम्ही यायचं ठरवत असाल तर अमावस्येच्या आसपास या. पावसाळ्यात नको, काहीही दिसणार नाही. वृश्चिक-धनूकडची दाट आकाशगंगा बघायची तर एप्रिलमध्ये मध्यरात्रीनंतर जागायची तयारी ठेवा, डिसेंबरात आलात तर स्वेटर, कानटोपी आणि चहाला दूध घेऊन या. आणि गाडी फाटकातून आत आली की हेडलाइट बंद, हे ड्रायव्हरमामांनाही सांगा.