रात्रीपासून पाणी बंद? कशाला?

सकाळी ११ चं ऑपरेशन अन् पेशंट आदल्या रात्रीपासून पाण्याविना. चंद्रपूर-गडचिरोलीच्या मे महिन्यात हे वाईटच. अंगातलं पाणी आटलेलं असताना कमरेतून भूल दिली की बीपी झपकन खाली येतो. मोठ्या माणसाला भुलीच्या २ तास आधीपर्यंत साधं पाणी, कोरा चहा चालतो. युरोपच्या २०२२ च्या नियमावलीत लहान मुलांना तर १ तास. दुधाचा चहा मात्र जेवणात धरा: ६ तास. तळलेलं, मटण असेल तर ८. नाहीतर भुलीत पोटातलं उलटून फुफ्फुसात जायची भीती. आतड्याला अडथळा, प्रसूतीच्या कळा किंवा जुनी शुगर असेल, तर डॉक्टर म्हणतील तेच.

आणि खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखू-चुन्याचं मिश्रण! वर्षानुवर्षं खाणाऱ्याचं तोंड कधीकधी दोन बोटंही उघडत नाही, श्वासाची नळी घालणं कठीण जातं. भूलतज्ज्ञाला हे आधीच सांगा, टेबलावर झोपल्यावर नाही.