नुसत्या असाइनमेंटने ओळी पुसल्या जाव्यात का?

रूबी भाषेतल्या रेल्स या वेब फ्रेमवर्कमध्ये एखाद्या रेकॉर्डवर, म्हणजे टेबलातल्या एका ओळीवर, ‘डिस्ट्रॉय’ ही मेथड चालवली की डिलीटची क्वेरी त्याच क्षणी डेटाबेसकडे जाते. जावाच्या हायबरनेट या लायब्ररीमध्ये ‘रिमूव्ह’ केलेले रेकॉर्ड मात्र केवळ नोंदवून ठेवले जाते आणि क्वेरी फ्लशच्या वेळी, म्हणजे साठलेले बदल डेटाबेसकडे पाठवताना, निघते. दोन्ही पद्धती मला मान्य आहेत, कारण दोन्हींत प्रोग्रामरने पुसण्याचा हेतू स्पष्ट सांगितलेला असतो. मला खटकते ते वेगळेच: पुसा असे कोणी म्हटलेले नसताना नुसत्या असाइनमेंटने, म्हणजे ऑब्जेक्टला नवी मूल्ये दिल्याने, ओळी नाहीशा होणे.

वापरकर्त्याची माहिती बदलण्याचा फॉर्म घ्या. त्यात नाव, ईमेल आणि भूमिकांचे चेकबॉक्स आहेत, आणि भूमिका जॉइन टेबलमार्फत, म्हणजे कोणत्या वापरकर्त्याला कोणती भूमिका हे नोंदवणाऱ्या टेबलमार्फत, जोडलेल्या आहेत. फॉर्ममधली मूल्ये रेल्सच्या ‘असाइन ॲट्रिब्यूट्स’ने ऑब्जेक्टवर ठेवली की नाव आणि ईमेल मेमरीतच थांबतात, पण आधीच सेव्ह झालेल्या वापरकर्त्याच्या टिक काढलेल्या भूमिकांच्या जॉइन टेबलमधल्या ओळी तत्काळ पुसल्या जातात. त्यानंतर ईमेल अवैध ठरून ‘सेव्ह’ फसले, तर पडद्यावर चूक दिसते, माणूस काहीच बदलले नाही अशा समजुतीने टॅब बंद करतो, आणि वापरकर्त्याचे अधिकार मात्र गेलेले असतात. ‘अपडेट’ ही मेथड हे सारे एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे सगळे तरी होईल किंवा काहीच नाही अशा गटात, करते आणि व्हॅलिडेशन (मूल्यांची तपासणी) फसल्यास रोलबॅक करते, म्हणजे सारे पूर्ववत करते. त्यामुळेच हा दोष वर्षानुवर्षे कोणाच्या नजरेस येत नाही.

असाइनमेंटने होणारे पुसणे सेव्हपर्यंत थांबलेच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. रेल्समध्येच ‘मार्क फॉर डिस्ट्रक्शन’ची, म्हणजे पुसण्याची नुसती खूण करण्याची, सोय आहे, आणि ऑटोसेव्ह (मुख्य रेकॉर्डसोबत जोडलेली रेकॉर्डही सेव्ह करण्याची सेटिंग) चालू असेल तर खूण केलेल्या ओळी सेव्हच्या ट्रान्झॅक्शनमध्येच पुसल्या जातात. थांबण्याची किंमत मात्र मोजावी लागते. जुनी ओळ पुसून तोच कोड असलेली नवी ओळ घातली, तर युनिकनेसचे व्हॅलिडेशन (हे मूल्य दुसऱ्या ओळीत नाही ना, ही तपासणी) डेटाबेसला विचारते, तिथे जुनी ओळ अजून असते, आणि वैध फॉर्म नाकारला जातो.

हायबरनेटमध्ये हीच अडचण एक पायरी खाली येते. फ्लशमध्ये इन्सर्ट आधी, मग अपडेट आणि डिलीट सर्वांत शेवटी, असा क्रम ठरलेला आहे. पुसायच्या ओळीकडे बोट दाखवणाऱ्या इतर ओळी आधी दुसरीकडे वळवता याव्यात यासाठी तो सोयीचा आहे, पण युनिक कन्स्ट्रेंट, म्हणजे एकच मूल्य दोन ओळींत नसावे हा डेटाबेसचा नियम, त्यात मोडतो. मधेच स्वतः फ्लश करणे हा रूढ उपाय. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये ९.० आवृत्तीपासून युनिक कन्स्ट्रेंटची तपासणी कमिटपर्यंत, म्हणजे ट्रान्झॅक्शन कायम होईपर्यंत, लांबवता येते, मात्र अशा कन्स्ट्रेंटकडे फॉरेन की (दुसऱ्या टेबलातल्या ओळीचा संदर्भ) दाखवता येत नाही.

मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटसाठी असलेल्या एंटिटी फ्रेमवर्क कोअर या लायब्ररीने ३.० आवृत्तीत घेतलेला निर्णय मला सर्वांत सुज्ञ वाटतो: पालक (मुख्य रेकॉर्ड) पुसला की ट्रॅक होत असलेल्या मुलांवरही, म्हणजे त्यावर अवलंबून असलेल्या मेमरीतल्या रेकॉर्डवरही, पुसण्याची खूण मेमरीत लगेच होते, म्हणजे काय काय जाणार हे आधी पाहता येते, पण क्वेरी ‘सेव्ह चेंजेस’पर्यंत थांबते.

फायलींच्या बाबतीत तर कमिटच्या आधी काहीही पुसू नये. ट्रान्झॅक्शन रोलबॅक झाले की ओळ परत येते, पण डिस्कवरून उडवलेली फाइल परत येत नाही, आणि मग त्या ओळीतला पत्ता नसलेल्या फाइलकडे बोट दाखवत राहतो.