गुडघ्यांनी काढलेलं तिकीट

पेरूतल्या माचू पिचूला, इंका लोकांच्या त्या जुन्या दगडी शहराला, पायी जायचं की रेल्वेने, यावर घरात महिनाभर खल चालला होता. लेकीला इंका ट्रेलची, म्हणजे तिथवर नेणाऱ्या जुन्या डोंगरवाटेची, चार दिवसांची चाल हवी होती. माझ्या गुडघ्यांनी रेल्वेला कौल दिला.

आज सकाळी ओयांतायताम्बो गावाहून रेल्वेने निघालो. उरुबांबा नदी सतत खिडकीला खेटून, खळाळत. डब्याच्या छतालाही काचा आहेत, कारण डोंगर इतके उभे की नुसत्या खिडकीतून माथा दिसतच नाही. गंमत म्हणजे गाडी वर चढत नाही, उतरते! साधारण २,८०० मीटरवरून २,०४० वर. सुरुवातीचे निवडुंग मागे पडतात आणि बघता बघता दाट, ओलं जंगल सुरू होतं. रूळ तीन फुटी, म्हणजे आपल्या माथेरानच्या राणीची जरा थोराड बहीणच. (वाफाळता चहा तेवढा नव्हता.) १०४व्या किलोमीटरला ट्रेलवर चालायला निघालेले पाठपिशव्यावाले उतरले, तेव्हा लेकीने माझ्याकडे जे पाहिलं ते मी पाहिलंच नाही.

पुढे वळणावळणाची बस, आणि मग ते दगड. पंधराव्या शतकातले, चुन्याशिवाय एकमेकांत घट्ट बसवलेले. मी किती तरी वेळ एका भिंतीवरून हात फिरवत उभी होते.

परतताना लेक म्हणाली, "आई, पुढच्या वेळी चालत."
म्हटलं, "जा की. मी स्टेशनवर भेटते."