गोड्या समुद्रात ढब्बू

आईंनी वाकून पाण्यात बोट बुडवलं, जिभेला लावलं आणि माझ्याकडे बघत म्हणाल्या, "अगं, गोडं आहे की गं हे!" सासूबाईंचा जन्म गुहागरात गेलेला. लाटा आहेत, वाळू आहे, पलीकडचा काठ दिसत नाही, म्हणजे समुद्र; आणि समुद्र म्हटला की खारट. मिशिगन लेकला तळं म्हणायला त्या शेवटपर्यंत तयार झाल्या नाहीत. ढब्बूला असले प्रश्न पडत नाहीत. पाच वर्षांचा, चौतीस किलोचा लॅब्रेडॉर. त्याने गाडीतूनच पाण्याचा वास घेतला होता आणि आता तो नवऱ्याला ओढत निघाला होता.

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही शिकागोहून मिशिगन राज्यातल्या स्लीपिंग बेअर ड्यून्सला, म्हणजे याच सरोवराकाठच्या वाळूच्या टेकड्यांना गेलो. साधारण 500 किलोमीटर, कुत्रा आणि सासूबाई दोघांसाठी थांबत गेल्याने आम्हाला सात तास लागले. तिथलं घड्याळ शिकागोच्या एक तास पुढे असतं, त्यामुळे राहायच्या जागेची वेळ ठरवताना तो तास धरा. आम्ही धरला नाही आणि किल्लीसाठी फोनाफोनी करत बसलो.

आता मुख्य गोष्ट. हा किनारा अमेरिकी सरकारच्या नॅशनल पार्क सर्व्हिसकडे आहे आणि तिथे कुत्र्याचा पट्टा सहा फुटांपेक्षा लांब चालत नाही. पाण्यात शिरलं म्हणून सुटका नाही. म्हणजे कुत्रा पोहणार असेल तर तुम्हीही पाण्यात. निवांत खुर्ची टाकून बॉल फेकायचा बेत असेल तर तो घरीच सोडून या. नवरा कमरेएवढ्या पाण्यात उभा आणि ढब्बू त्याच्याभोवती घाण्याच्या बैलासारखा गोल गोल. पहिल्याच फेरीत पट्टा नवऱ्याच्या पायात अडकला. लाइफ जॅकेट घ्या, ते पाठीवर पकडायला मूठ असलेलंच घ्या आणि पट्टा गळ्याऐवजी जॅकेटच्या कडीला लावा. लॅबला पोहता येतंच हे खरं, पण लाटेतून चौतीस किलो उचलायचे झाले की त्या मुठीची किंमत कळते. लाटा मोठ्या असतील, लाल झेंडा असेल, तर मात्र जॅकेट असूनही नको. धक्क्यांच्या भिंतीलगत तर कधीच नको, तिथे पाण्याची ओढ वाईट असते.

सगळीकडे कुत्रा चालतो असंही नाही. ड्यून क्लाइम्ब, म्हणजे मुलं चढतात तो मोठा वाळूचा डोंगर, तिथे बंदी. समोरच्या दोन्ही मॅनिटू बेटांवर बंदी. काही किनाऱ्यांचा एक तुकडा चालतो, दुसरा नाही, म्हणून निघण्याआधी पार्कची यादी बघा. यातली काही बंदी पायपिंग प्लव्हर नावाच्या चिमणीएवढ्या पक्ष्यासाठी आहे. तो उघड्या वाळूत अंडी घालतो. 1986 मध्ये ग्रेट लेक्सच्या, म्हणजे मिशिगन धरून पाच मोठ्या सरोवरांच्या भागात त्याच्या जेमतेम 17 जोड्या उरल्या होत्या. दोरी बांधलेला भाग दिसला की वळसा घाला, कुरकुर करू नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी काठावर एक मेलेला सीगल पडला होता. मला दिसायच्या आधी ढब्बूला दिसला. पंख त्याच्या दातात, मी पट्टा ओढतेय, आई मागून "टाक मेल्या, टाक!" शेवटी पराठ्याच्या तुकड्यावर सौदा झाला. ही नुसती किळसवाणी गोष्ट नाही. या सरोवरात बाहेरून आलेल्या शिंपल्यांनी पाणी गाळून गाळून इतकं नितळ केलंय की ऊन खोलवर पोचतं. तळाशी शेवाळ माजतं, मग कुजतं, प्राणवायू संपतो आणि तिथे बॉट्युलिझमचं, म्हणजे स्नायू लुळे पाडणारं विष तयार होतं. माशांतून ते पक्ष्यांत जातं आणि पक्षी किनाऱ्यावर येऊन मरतात. स्वच्छ दिसणाऱ्या पाण्याची ही दुसरी बाजू. मेलेला पक्षी, मासा काहीही चाटू देऊ नका. त्याच शिंपल्यांच्या कडा पात्यासारख्या असतात, संध्याकाळी चारही पंजे बोटांच्या मधून तपासा.

आतल्या भागात लहान तळी आहेत, पाणी कोमट आणि शांत. मोह होतो. पण पाण्यावर हिरवा रंग सांडल्यासारखा तवंग दिसला तर कुत्र्याला पंजासुद्धा बुडवू देऊ नका. त्या निळ्या-हिरव्या शेवाळाचं विष कुत्र्याला काही तासांत मारू शकतं आणि त्यावर उतारा नाही.

आणि आमची चूक. रात्री वारा फिरला होता. असं झालं की वरचं ऊबदार पाणी आत ढकललं जातं आणि खालचं गार पाणी काठाशी येतं. काल मजेत डुंबलेल्या पाण्यात आज माझे घोटे दुखायला लागले. मी दहा मिनिटांत बाहेर. ढब्बू मात्र तासभर आत होता, कारण "त्याला मजा येतेय ना, राहू दे," असं मीच म्हटलं. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याची शेपटी मुळापासून दोन इंच आडवी आणि पुढे ओल्या दोरीसारखी लोंबलेली. बसताना कण्हायचा. आम्हाला वाटलं मोडली. गावातल्या डॉक्टरीणबाईंनी बघितलं आणि हसल्या. गार पाण्यात फार वेळ पोहलं की लॅबसारख्या कुत्र्यांच्या शेपटीचे स्नायू असे धरतात म्हणे. विश्रांती, दुखण्यावर त्यांनी दिलेली गोळी आणि आठवडाभर पोहणं बंद. आपल्या पर्समधली आयबुप्रोफेन देऊ नका, असंही त्यांनी बजावलं, ती कुत्र्यांना विषारी.

त्यांनीच आणखी एक सांगितलं, जे मला नवीन होतं. पाण्यात बॉल आणून आणून कुत्रा इतकं पाणी गिळतो की रक्तातलं मीठ कमी होतं. झोकांड्या, उलटी, फुगलेलं पोट दिसलं तर थेट दवाखाना. बॉलने तोंड उघडं राहतं, त्यापेक्षा चपटं खेळणं बरं. दर दहा-पंधरा मिनिटांनी बाहेर काढा. तो स्वतःहून थांबणार नाही.

ढब्बू सक्तीच्या विश्रांतीवर असताना आई रंगीत दगड गोळा करत बसल्या. त्यात पेटोस्की दगड होते, षटकोनी नक्षीचे, मूळचे जुने प्रवाळ. पार्कमधून ते नेता येत नाहीत, हे सांगताना मला त्यांच्या चेहऱ्याकडे बघवेना. त्यांनी एकेक करून सगळे परत ठेवले.

तुम्हाला पट्टा न लावता पोहवायचं असेल आणि शिकागोत असाल तर एवढ्या लांब जाऊच नका. मॉन्ट्रोजला कुत्र्यांसाठी वेगळा किनारा आहे. लसीचे कागद दाखवून ठरावीक डॉक्टरांकडून शहराचा परवाना आणि गळ्यात घालायचा बिल्ला आधी घ्यावा लागतो. गर्दी असते, बाकीचे कुत्रे कसे निघतील सांगता येत नाही, पण ढब्बू खऱ्या अर्थाने पोहला तो तिथेच, तीन आठवड्यांनी. घरी आलो की स्वच्छ पाण्याने धुणं आणि कान आतून कोरडे करणं एवढं राहतं. कान ओले राहिले की चार दिवसांत वास येतो.

आई तोवर गुहागरला पोचल्या होत्या. किनाऱ्यावरूनच व्हिडिओ कॉल लावला. आमची विचारपूस नाही, काही नाही. "शेपूट हलतंय का?"

मी कॅमेरा ढब्बूच्या मागच्या बाजूला धरला.