विट्याहून काठमांडू, आणि एक गॉगलवाला फोटो

आमच्या खानापूर तालुक्यात कुणी लांब चाललाय म्हटलं की लोक पहिलं विचारतात, 'दुकान कुठाय?' म्हणजे गलाईचं दुकान. सोनारांकडचं जुनं, भेसळीचं सोनं-चांदी गाळून शुद्ध करून द्यायचं हे काम. दुष्काळानं शेती पिकेना तशी विटा, आटपाडीकडची माणसं या धंद्यात शिरली आणि देशभर पांगली, आमचे वडीलसुद्धा एकोणीस वर्षं कोइमतूरला होते. त्यामुळं मी काठमांडूला चाललोय आणि दुकान नाही, पगारपण नाही, वॉलंटियर म्हणून चाललोय असं सांगितल्यावर थोरले चुलते जरा वेळ गप्प बसले आणि मग वडिलांना म्हणाले, 'पोरगं कुठं फसलंय का बघ बाबा.'

काम असं होतं की परदेशात मजुरीला जाणाऱ्या नेपाळी लोकांना मदत करणाऱ्या एका संस्थेत तीन महिने कम्युनिकेशन बघायचं. फोटो, कॅप्शन, फेसबुक पोस्ट, पत्रकं, असलं सगळं.

निघालो २०१९ च्या ऑगस्टमध्ये. सांगलीत कृष्णा आयर्विन पुलाला ५७ फुटांवर जाऊन नुकती उतरलेली, घराघरातनं चिखल उपसणं चाललेलं, आणि त्याच जिल्ह्यात आटपाडीला मात्र पिण्याचं पाणी टँकरनं, हे बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. पुण्यातनं गोरखपूरची गाडी, तिथनं बसनं सुनौली बॉर्डर. व्हिसा लागत नाही, पण आपल्या शंभरच्या वरच्या नोटा नेपाळनं आदल्या डिसेंबरात बंद केलेल्या, म्हणून मी शंभरच्या नोटांची जाड गड्डी बनियनच्या आतल्या खिशात घालून दोन दिवस पोट सुटल्यासारखा फिरत होतो. कमान ओलांडली की घड्याळ १५ मिनिटं पुढं करायचं. पुढचा रात्रीचा रस्ता मी लिहीत नाही, नारायणगढच्या पुढं एका बाजूला त्रिशूली नदी आणि दुसऱ्या बाजूला कधी खाली येईल सांगता येत नाही असा डोंगर, मी डोळे मिटून रेवणसिद्धाचं नाव घेत बसलो होतो एवढंच.

मला वाटलेलं नेपाळी देवनागरीतच लिहितात, मग काय अवघड आहे. पहिल्याच दिवशी ऑफिसातली मुलगी मला 'दाइ' म्हणाली. आमच्याकडं दाई म्हणजे बाळंतपण करणारी! तिकडं दाइ म्हणजे थोरला भाऊ. मग एका बॅनरवर 'वित्तीय शिक्षा' वाचलं आणि मी म्हटलं बरोबर आहे, कर्ज काढून आखातात जायचं म्हणजे शिक्षाच की ती. पण तिकडं शिक्षा म्हणजे शिक्षण. हा जोक मी ऑफिसात समजावून सांगायला गेलो आणि सगळ्यांचे चेहरे असे पडले की परत काढला नाही.

आठवड्यातनं दोनदा त्रिभुवन विमानतळाबाहेर पत्रकं वाटायला जायचो. पत्रकात सरकारी नियम सोप्या भाषेत होते, की आखातातले सहा देश आणि मलेशियाला जाताना व्हिसा आणि तिकिटाचा खर्च मालकानं करायचा, हा नियम २०१५ पासून आहे, एजन्सीला जास्तीत जास्त दहा हजार नेपाळी रुपये घेता येतात, म्हणजे आपले सव्वासहा हजार. पोरांना विचारलं किती दिले तर आकडा लाखातला यायचा, आणि पावती मागितली तर दहा हजाराची निघायची! आमच्याकडं ऊसतोडीचा मुकादम मजुराला आधी उचल तरी देतो, इथं कामाला जाणाऱ्यानंच आधी पैसे मोजायचे. वर आमचं पत्रक त्याच्या हातात पडायचं ते विमानात बसायच्या दोन तास आधी, तेव्हा ते वाचून तो करणार काय? हे मी मीटिंगमध्ये बोललो. 'चांगला पॉइंट आहे' म्हणाले आणि पुढच्या आठवड्यात अजून पाच हजार पत्रकं छापून आली.

गेटबाहेर 'व्हिजिट नेपाळ २०२०' चे बोर्ड, म्हणजे जगाला या या म्हणायचं चाललंय, आणि त्याच बोर्डाखाली कपाळभर टिळा, गळ्यात झेंडूची माळ घातलेली विशीतली पोरं आईच्या पाया पडून निघालीयत. देशाच्या उत्पन्नाचा जवळपास चौथा हिस्सा हीच पोरं बाहेरनं पाठवतात. परत येणारे ओळखू यायचे सामानावरनं, दोरीनं करकचून बांधलेलं ब्लँकेट आणि टीव्हीचा खोका. आणि कधीकधी तिथनं शवपेटी बाहेर यायची. त्याचे फोटो आम्ही काढायचे नाहीत असा नियम होता, तो मला पटलेला.

न्यू रोडच्या मागं एका बोळात विट्याकडची माणसं भेटली. भेटणारच! तात्या भट्टीपुढं बसलेले, चिमट्यात सोनं वितळवायची लालबुंद मूस, मान वर न करताच म्हणाले, 'कुठनं?' विटा म्हटल्यावर 'विट्यात कुठं?' आणि मग आमच्या आज्यापर्यंत सगळं निघालं. शेंगदाण्याची चटणी आणि भात जेवलो. काम समजावल्यावर त्यांनी विचारलं, 'म्हंजे माणसं जाऊ नयेत म्हणून काम करताय का जावीत म्हणून?' मी म्हटलं, जाताना फसू नयेत म्हणून. 'आम्ही आलो तवा न्हाई कोण आलं कागद वाटाय,' असं म्हणून ते परत मुशीकडं वळले. मी लगेच मोबाईल काढला, भट्टीच्या उजेडात तोंड भारी दिसत होतं, अगदी स्टोरीचा फोटो. तात्या म्हणाले, 'भट्टीपुढचा नको. घरची बघतील. थांब, शर्ट बदलतो.'

दसऱ्याला तात्या आणि बाकीची गलाईवाली सगळी तिथंच. नेपाळात दशैं, सगळं काठमांडू गावाकडं गेलेलं, आणि ही सातआठ माणसं तराजूला मोबाईल टेकवून विट्याची पालख्यांची शर्यत व्हिडिओ कॉलवर बघत होती. नेट मध्येच अडकायचं तेव्हा शिव्या नेमक्या कुणाला घालायच्या यावरनं भांडण.

आता फोटोचं. कतारला निघालेला एक पोरगा होता, पहिल्यांदाच चाललेला, त्याचा फोटो मी विमानतळावर काढला. फॉर्म वाचून दाखवला, फोटो कुठं कुठं लागेल ते सांगितलं, त्यानं सही केली आणि म्हणाला, दाइ एक मिनिट. मित्राचा गॉगल मागून घातला, केस नीट केले, छाती काढून उभा राहिला. ऑफिसात तो फोटो बाद झाला. म्हणे यात 'परिस्थिती' दिसत नाही, गॉगल काढून परत घ्यायला हवा होता. मी भांडलो, जरा जास्तच भांडलो. आमच्या घरी वडिलांचा कोइमतूरचा एकच फोटो आहे, स्टुडिओतला, अंगात कोट. कोट स्टुडिओवाल्याचा होता हे मला परवा परवा कळलं. त्या एकोणीस वर्षांत भट्टीपुढचा एकही फोटो घरी आला नाही, आणि आईनं तो कोटवालाच फ्रेम करून देव्हाऱ्याशेजारी लावलाय. हे सगळं मी मीटिंगमध्ये इंग्रजीत सांगायचा प्रयत्न केला, जमलं नाही.

शेवटी पोस्टमध्ये दुसऱ्याच कुणाचातरी पाठमोरा फोटो गेला, बॅग घेऊन चालताना. असले पाठमोरे फोटो आमच्याकडं ढीगभर होते.

गॉगलवाला मी त्याला मेसेंजरवर पाठवून दिला. कतारहून उत्तर यायला अकरा दिवस लागले, नुसता एक अंगठा. मी नोव्हेंबरात घरी आलो, चुलत्यांनी विचारलं किती सुटले, मी म्हटलं काही नाही, ते म्हणाले बघ मी म्हटलं नव्हतं. त्या पोराचा डीपी अजून तोच आहे, मित्राचा गॉगल घातलेला.