आठ पानांचे माप

सदाशिव पेठेतील आमच्या डीटीपीच्या, म्हणजे संगणकावर पुस्तकांची पाने लावून देणाऱ्या, कार्यालयात फाइल छापखान्याला पाठवण्यापूर्वीची शेवटची तपासणी माझ्याकडे असते. या वेळी काम होते एका संस्थेच्या शताब्दी ग्रंथाचे: ३८४ पाने, म्हणजे सोळा पानी २४ फर्मे (एकत्र छापून घडी घातलेल्या पानांचे गठ्ठे). बारा प्रकरणांच्या बारा फायली चार जणांनी इनडिझाइन या पाने मांडण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये लावल्या होत्या. आकार डेमी १/८, म्हणजे ५.५ × ८.५ इंच. अशा वेळी प्रत्येक फाइलचे माप वाचून यादी देणारी एक छोटी जावास्क्रिप्ट, म्हणजे सॉफ्टवेअरकडून आपोआप काम करून घेणारा प्रोग्रॅम, मी दोन वर्षांपूर्वी लिहिली होती आणि तिच्यावर माझा पूर्ण विश्वास होता. तिने बाराही फायलींपुढे योग्य माप दाखवले. मी पीडीएफ पाठवून दिली.

चार दिवसांनी नऱ्ह्याच्या छापखान्यातून बोलावणे आले. तेथे बाइंडिंगचे काम पाहणाऱ्या काकांनी घडी घातलेला एक फर्मा माझ्यासमोर धरला आणि अंगठ्याने पाने सोडत म्हणाले, ‘‘ताई, आकडा उडतोय बघा.’’ खरोखरच मधल्या आठ पानांवर पृष्ठक्रमांक वर सरकून कडेकडे जात होता. काकांनी स्टीलची पट्टी लावली: वर ३ मिलिमीटर, कडेला ४. छपाईचे तंत्र कितीही पुढे गेले तरी घडी घातलेला कागद हातात घेऊन पाने सोडणाऱ्या माणसाला पर्याय नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. छापखान्यात फर्म्यासाठी पानांची जुळवणी करणाऱ्या मुलाला मापातला फरक पडद्यावर दिसला असणारच. पण पाने मध्यावर बसवून तो पुढे गेला आणि त्याने कोणालाही विचारले नाही.

परत आल्यावर सातव्या प्रकरणाची फाइल उघडली. जुन्या पुस्तिकेतील छायाचित्रे जशीच्या तशी बसावीत म्हणून आमच्याच एका सहकाऱ्याने पेज टूलने, म्हणजे सुट्या पानाचे माप बदलण्याच्या साधनाने, आठ पाने ए-५ केली होती आणि त्यांच्यासाठी वेगळे मास्टर पानही (पृष्ठक्रमांकाची जागा ठरवणारा साचा) केले होते. ए-५ म्हणजे १४८ × २१० मिलिमीटर. डेमीपेक्षा ८ मिलिमीटर रुंद आणि ६ मिलिमीटर बुटके. त्याची निम्मी निम्मी केली की काकांच्या पट्टीवरचे आकडे तंतोतंत मिळतात.

स्क्रिप्टला हे का दिसले नाही, याचे उत्तर मला टोचत राहिले. ती डॉक्युमेंट प्रेफरन्सेसमधील, म्हणजे पूर्ण फाइलच्या मांडणीतील, पेज विड्थ (रुंदी) आणि पेज हाइट (उंची) वाचत होती. हे माप फाइल तयार करताना ठरवलेले असते. इनडिझाइनच्या सीएस ५ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१० पासून, एकाच फाइलमध्ये वेगवेगळ्या मापांची पाने ठेवता येतात; पण एखादे पान बदलले म्हणून फाइलचे हे मूळ माप बदलत नाही. मी फाइलला विचारत होते, पानाला विचारलेच नव्हते.

पानाला विचारायचे तर त्याचे बाउंड्स, म्हणजे त्याच्या चार कडांच्या जागा, वाचावे लागतात. त्यात चार आकडे मिळतात, आणि त्यांचा क्रम वरची कड, डावी कड, खालची कड, उजवी कड असा असतो. आडवे माप आधी येईल असे गृहीत धरणारा येथे हमखास चुकतो. मी दुसरीच चूक केली. उजव्या कडेचा आकडा हीच रुंदी समजले आणि उजव्या हाताचे प्रत्येक पान ११ इंच रुंद निघाले, कारण पडद्यावरच्या मोजपट्टीचा शून्यबिंदू स्प्रेडच्या, म्हणजे समोरासमोरच्या पानांच्या जोडीच्या, डाव्या टोकाला होता आणि उजवे पान डाव्या पानाच्या रुंदीपासूनच मोजले जात होते. खालच्या कडेतून वरची आणि उजव्या कडेतून डावी वजा केली, की शून्यबिंदू कोठेही असला तरी माप बरोबर येते.

एककांचा गोंधळ त्यानंतर निस्तरला. स्क्रिप्टला फाइलच्या मोजपट्टीवर जे एकक असेल त्यातच उत्तर मिळते, त्यामुळे एका फाइलने ५.५ सांगितले आणि दुसरीने १४०. स्क्रिप्टच्या सुरुवातीलाच मोजमापाचे एकक पॉइंट (इंचाचा बहात्तरावा भाग) असे ठरवून दिले. ५.५ इंच म्हणजे ३९६ पॉइंट, तर १४० मिलिमीटर म्हणजे ३९६.८५. आमच्याकडे काही जण डेमी इंचांत मांडतात, काही मिलिमीटरमध्ये, आणि दोघांच्याही दृष्टीने ते बरोबरच असते. म्हणून एक पॉइंटपर्यंतचा फरक सोडून द्यायचा, त्याहून मोठा असेल तर पानाचा क्रमांक छापायचा, असे ठरवले. नवी स्क्रिप्ट चालवली आणि सातव्या प्रकरणापुढे ती आठ पाने एकाखाली एक उभी राहिली.

पाने पुन्हा लावली, फर्मा पुन्हा छापला, कागदाचा खर्च कार्यालयाने सोसला. सहकाऱ्याला मी फारसे बोलले नाही. त्याने मापाबद्दल विचारायला हवे होते, हे खरे, पण त्याची चूक पकडण्याची जबाबदारी माझ्या स्क्रिप्टची होती.

त्याच रात्री जुन्या स्क्रिप्टने तपासलेल्या सगळ्या पुस्तकांच्या फायली मी नव्या स्क्रिप्टमधून काढल्या. गेल्या वर्षीच्या एका कवितासंग्रहातील एका पानापुढे वेगळे माप आले. कपाटातून छापील प्रत काढून ते पान उघडले आणि पट्टी ठेवली. पृष्ठक्रमांक २ मिलिमीटर वर आहे. पुस्तक प्रकाशित होऊन वर्ष झाले, कोणी काही बोललेले नाही. कवयित्रींना हे सांगायचे की नाही, ते मी अजून ठरवू शकलेले नाही.